हिरड्यांचा आजार रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुरू होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 48, बऱ्याच वर्षांपासून मधुमेह, काही महिन्यांपूर्वी सिगारेट सोडली. सोडल्यानंतर थोड्याच आठवड्यांत ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. खालचे पुढचे दोन दात हलतात. दंतवैद्यांनी पायरिया आहे, खोलवर साफसफाई करावी लागेल, असं सांगितलं. तेवढ्यात तुमच्या वाचनात आलं की हिरड्यांचा आजार मुळात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झाल्यामुळे होतो. मग दात खरवडून काय साधणार, रक्तवाहिन्यांवरच उपचार करायला नकोत का, असं तुम्ही विचारलं आहे.

सगळ्यात आधी सांगतो, साफसफाईची तारीख पुढे ढकलू नका. तुम्ही वाचलंत ते अर्धं खरं आहे. आजार सुरू होतो तो दातांवर साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे, म्हणजे प्लाकमुळे. पण सुरू झालेला आजार हिरडीपुरता राहणार की हाडापर्यंत उतरणार, यात अस्तराचा वाटा मोठा आहे. तुमच्या बाबतीत मधुमेह आणि सिगारेट या दोन्ही गोष्टींनी नेमका तिथेच घाव घातलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कुठून होते याबद्दल आता वाद उरलेला नाही. 1965 साली हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात साफ करणं पूर्ण थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. मधल्या काळात बदललं होतं ते एकच, प्लाक.

पण त्याच लोए यांचा दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या 480 पुरुष मजुरांच्या हिरड्या त्यांच्या गटाने 1970 पासून 15 वर्षं तपासल्या. या लोकांना ब्रश करण्याची सवय नव्हती आणि दातांचे उपचारही मिळत नव्हते. त्यामुळे प्लाक आणि सुजलेल्या हिरड्या जवळपास सगळ्यांनाच होत्या. तरीही सुमारे 8 टक्के लोकांच्या दातांचा आधार झपाट्याने गेला, 81 टक्के लोकांचा मध्यम गतीने गेला आणि 11 टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे सरकलाच नाही. घाण सारखीच, नुकसान मात्र वेगवेगळं. हा फरक माणसाच्या शरीरात आहे. त्यात आनुवंशिकता आहे, प्रतिकारशक्तीची ठेवण आहे, मधुमेह आहे, तंबाखू आहे. यातले बरेच घटक शेवटी ज्या ठिकाणी काम करतात, ते ठिकाण म्हणजे रक्तवाहिनीचं अस्तर.

या अस्तराला एंडोथेलियम म्हणतात. रक्ताला थेट लागून असलेला, एकाच पेशीच्या जाडीचा हा थर. बराच काळ त्याला नुसतं आवरण समजलं जायचं. 1980 मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करून दाखवलं की हा थर घासून काढला तर ॲसिटिलकोलिन हे एरवी वाहिनी सैलावणारं रसायन देऊनही ती सैलावत नाही. म्हणजे सैलावण्याचा हुकूम अस्तराकडूनच येतो. तो हुकूम पोचवणारा पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड असल्याचं सिद्ध झालं आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिद मुराद यांना मिळालं. नायट्रिक ऑक्साइड वाहिनी रुंद ठेवतं, प्लेटलेट्सना चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना विनाकारण थांबू देत नाही.

आता हिरडीकडे या. दाताला चिकटलेली हिरडीची आतली कड फार नाजूक असते. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट बांधलेल्या नसतात, त्यामुळे बाहेरून आत आणि आतून बाहेर झिरप चालू राहते. या कडेच्या लगेच खाली केशवाहिन्यांचं दाट जाळं पसरलेलं असतं. एका बाजूला कोट्यवधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मध्ये जेमतेम काही पेशींचं अंतर. शरीरात अशी जागा क्वचितच सापडेल.

या जाळ्याचं अस्तर घराच्या दारासारखं वागतं: कुणाला बाहेर सोडायचं, किती आणि किती वेळ, हे ते ठरवतं. निरोगी माणसातही हे काम रात्रंदिवस चालू असतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून वेगाने वाहत असतात. खालून जिवाणूंची चाहूल लागली की अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाचे रेणू आणतात. वाहत्या न्यूट्रोफिलला ते ओझरते लागतात, तिचा वेग मंदावतो आणि ती अस्तरावरून घरंगळायला लागते. मग आयकॅम-1 नावाच्या दुसऱ्या रेणूला ती घट्ट धरते, चपटी होते, दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि प्लाकच्या दिशेने निघते. दर मिनिटाला अशा हजारो पेशी हिरडीतून तोंडात उतरतात. तुमच्या हिरड्या निरोगी असताना त्या निरोगी राहिल्या त्या या रहदारीमुळेच.

हे दार किती मोलाचं आहे ते एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. काही मुलांच्या पांढऱ्या पेशींवर सीडी-18 हा प्रथिनाचा भाग नसतो किंवा फार कमी असतो, त्यामुळे त्या अस्तराला धरूच शकत नाहीत. रक्तात न्यूट्रोफिल भरपूर, हिरडीत जवळजवळ नाहीत. अशा मुलांचे दुधाचे दातसुद्धा लहान वयात हलून पडतात. इथे अस्तर खराब नसतं, पण बाहेर पडण्याची वाट बंद असते आणि परिणाम हाडावर होतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं की नुसत्या जिवाणूंच्या वाढीवर बोट ठेवून हे नुकसान समजत नाही. न्यूट्रोफिल न पोचल्यामुळे इंटरल्यूकिन-17 या दाह वाढवणाऱ्या रसायनावरचा लगाम सुटतो आणि तेच हाड खातं.

तुमच्यासारख्या माणसात उलट घडतं. दार नीट बंदच होत नाही.

पेज आणि श्रोडर यांनी 1976 मध्ये हिरडीच्या आजाराच्या पायऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली मांडल्या. त्यात प्लाक साचायला लागल्यापासून पहिल्या दोन ते चार दिवसांत दिसणारा बदल रक्तवाहिन्यांतलाच आहे. नाजूक कडेखालच्या वाहिन्या फुगतात, अस्तराच्या फटी रुंदावतात, प्रथिनांनी भरलेला द्रव बाहेर झिरपतो. आरशात हिरडी अजून ठीक दिसत असते. आजार वाहिन्यांतून सुरू होतो हा समज मला वाटतं इथूनच आला असावा. पहिला डोळ्यांत भरणारा बदल तिथे आहे हे खरंच आहे, पण तो प्लाकला दिलेला प्रतिसाद आहे. प्लाक काढला की तो मागे फिरतो.

प्लाक तसाच राहिला तर जिवाणूंची जातकुळी बदलते. पोर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा त्यातला सगळ्यात अभ्यासला गेलेला जिवाणू. तो जिंजिपेन नावाची प्रथिनं कापणारी विकरं सोडतो. ही विकरं शरीरातच ब्रॅडिकायनिन तयार करवतात, त्यामुळे अस्तर आणखी गळायला लागतं. अस्तराच्या पेशींना एकमेकींशी जोडणारी प्रथिनं ती कापतात, आणि रक्त गोठायला लागणारं फायब्रिनोजेनही कापतात. या जिवाणूला वाढायला लोह लागतं आणि ते तो रक्तातल्या हीममधून, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लोह असलेल्या भागातून, घेतो. म्हणजे तो गळती वाढवतो, रक्त थांबू देत नाही आणि आलेल्या रक्तावर स्वतः वाढतो. तो अस्तराच्या पेशींच्या आत शिरू शकतो हेही प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

आणि हाड? हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी हिरडीत तयार बसलेल्या नसतात. त्यांच्या पूर्वज पेशी रक्तातून, याच अस्तरातून बाहेर येतात. अस्तर दिवसेंदिवस चिकट आणि उघडं राहिलं तर हाडाच्या काठावर त्यांचा पुरवठा चालू राहतो. दात हलायला लागतो तो यामुळे.

अस्तराची इजा म्हणजे वाहिनीला भोक पडणं नव्हे. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, अस्तरावरचा साखर-प्रथिनांचा लवलवीत थर झिजतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि गळती वाढते. प्लाक आला की दार उघडतं, पण प्लाक गेल्यावर ते मिटायला हवं, ते मिटत नाही किंवा फार उशिरा मिटतं.

आता तुमच्या सिगारेटबद्दल. सोडल्यावर रक्त यायला लागलं म्हणून तुम्ही घाबरलात, आणि मला भीती आहे की या भीतीपोटी कुणीतरी पुन्हा ओढायला लागेल. कृपया तसं करू नका. आम्ही हिरडी तपासतो ती मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट, बारीक सळईने. तिला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद, साधारण 25 ग्रॅम दाबाने सरकवायची, काढायची आणि अर्धा मिनिट थांबायचं. निरोगी हिरडीत ती तीनेक मिलिमीटरवर अडते आणि काहीच होत नाही. सुजलेल्या हिरडीत आधी काठावर एक लाल ठिपका दिसतो, मग दोन दातांमधला त्रिकोणी भाग रक्ताने भरून येतो. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याच्या तोंडात मात्र प्रोब सहा-सात मिलिमीटर आत जाते, एक्स-रेमध्ये हाड निम्म्यावर आलेलं असतं आणि तरी रक्ताचा थेंब नसतो. हिरडी फिकट, जाड, घट्ट, वरवर पाहणाऱ्याला छान वाटेल अशी.

निकोटिनने वाहिन्या आकसतात एवढंच कारण सहसा सांगितलं जातं. ते अपुरं आहे. धुरातले ऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, नायट्रिक ऑक्साइडला त्याचं काम करण्याआधीच निकामी करतात. दाह झाल्यावर वाहिन्या जशा रुंदावायला आणि वाढायला हव्यात, तशा दीर्घकाळ ओढणाऱ्याच्या हिरडीत वाढत नाहीत. न्यूट्रोफिलचं कामही बिघडतं. म्हणजे तुमच्या हिरड्यांचा आजार सिगारेट चालू असतानाच वाढत होता, फक्त रक्त येण्याची खूण दबलेली होती. सोडल्यावर काही आठवड्यांत वाहिन्यांना प्रतिसाद देण्याची ताकद परत यायला लागली आणि ती खूण दिसली. या रक्ताकडे मी सुधारणेचं पहिलं लक्षण म्हणून पाहतो. मात्र आजार तिथे आहे, हेही ते सांगतं.

मधुमेहाचं गणित वेगळं आहे आणि जास्त चिवट आहे. रक्तात साखर वाढली की बऱ्याच पेशी ती आत घेणं कमी करतात. अस्तराच्या पेशींना ते नीट जमत नाही. आत शिरलेली जादा साखर पेशीत ऑक्सिडंट तयार करते आणि नायट्रिक ऑक्साइड घटतं. दुसरीकडे प्रथिनांना साखर चिकटून जी टिकाऊ संयुगं बनतात, ती अस्तराच्या पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या रेणूंना (रिसेप्टरना) जाऊन चिकटतात आणि दाह चालू राहण्याचा इशारा देत राहतात. हिरडीतल्या केशवाहिन्यांखालचा आधारपटल, म्हणजे अस्तराला आधार देणारा पातळ थर, जाड होतो, मग प्राणवायू आणि पांढऱ्या पेशी दोघांची ये-जा अवघड होते. डोळ्याच्या पडद्यात आणि मूत्रपिंडात मधुमेह जे करतो, त्याच प्रकारचं नुकसान इथे होतं. लोए यांनी 1993 मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं ते यासाठी. 2018 मध्ये जाहीर झालेल्या हिरड्यांच्या आजारांच्या वर्गीकरणातही आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना दोन आकडे विचारात घेतले जातात: एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) 7 टक्के किंवा त्याहून जास्त असणं आणि दिवसाला 10 किंवा त्याहून जास्त सिगारेट ओढणं. यातलं एकही असलं तर माणूस सगळ्यात वेगवान श्रेणीत धरला जातो.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे अस्तराची गळती वाढते आणि हिरड्या फुगतात. क जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावात वाहिन्यांना आधार देणारं कोलॅजेनच नीट बनत नाही. हे दोन्ही तुम्हाला लागू नाही, म्हणून इथेच थांबतो.

आता उलटी दिशा. हिरडीचा आजार बाकीच्या शरीरातल्या अस्तराला त्रास देतो का? देतो. आजारामुळे दात आणि हिरडी यांच्यातली फट खोल होते, तिला पॉकेट म्हणतात. खोल पॉकेटच्या आतली भिंत सोललेली आणि सुजलेली असते. आजार पसरलेला असेल तर साऱ्या तोंडातलं असं क्षेत्र 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरू शकतं. एवढी जखम हातावर असती तर कुणी वर्षभर तशीच ठेवली नसती. तिथून चावताना, घासताना जिवाणू रक्तात जातात, दाहाची रसायनं तर सततच जातात.

यावरचा मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रयोग टोनेट्टी आणि सहकाऱ्यांचा आहे, 2007 मधला. हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या 120 जणांपैकी निम्म्यांना नेहमीची वरवरची सफाई दिली आणि निम्म्यांना जोरकस खोल उपचार. दंडाला पट्टा आवळून सोडल्यावर हाताची धमनी किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजलं. अस्तर धडधाकट असेल तर ती चांगली रुंदावते. खोल उपचारानंतर 24 तासांत हे रुंदावणं आणखी कमी झालं, कारण साफसफाईत जिवाणू आणि दाह तात्पुरते रक्तात ढकलले जातात. पण 180 दिवसांनी खोल उपचार घेतलेल्यांची धमनी दुसऱ्या गटापेक्षा 2 टक्के बिंदूंनी जास्त रुंदावत होती. हिरडी साफ केली आणि हातातल्या धमनीचं अस्तर सुधारलं.

यावरून हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकाराचा झटका टळतो असं मात्र म्हणता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये उपलब्ध पुरावे तपासून हेच म्हटलं: दोन आजारांचा संबंध आहे आणि तो धूम्रपानासारख्या समान कारणांपलीकडेही उरतो, पण उपचाराने हृदयरोग टळतो हे सिद्ध झालेलं नाही. तुम्हाला कुणी तशी हमी देत असेल तर विश्वास ठेवू नका. साखरेच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 टक्के बिंदूंनी खाली येतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: रक्तवाहिन्यांवरचा उपचार आणि खोल साफसफाई यांत निवड करायची वेळच येत नाही. अस्तर सतत चिथावलेलं ठेवणारा प्लाक आणि कीटण पॉकेटच्या तळातून निघालं नाही, तर कुठल्याही गोळीने ते शांत होणार नाही. आणि साखर बेताल राहिली तर साफ केलेली हिरडी पुन्हा सुजायला वेळ लागणार नाही. अस्तर सुधारावं म्हणून वेगळ्या गोळ्या मी हिरड्यांसाठी देत नाही. तुमची साखर ताब्यात ठेवणारी औषधं आणि सोडलेली सिगारेट, हाच तुमच्या अस्तरावरचा उपचार आहे. हिरड्यांना मालिश करून रक्ताभिसरण वाढवा, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. सुजलेल्या हिरडीत रक्त आधीच जास्त येत असतं आणि तुंबून राहत असतं. मालिशीने पॉकेटच्या तळाचा प्लाक निघत नाही.

साफसफाईच्या दिवशी जेवण आणि मधुमेहाचं औषध नेहमीप्रमाणे घ्या, उपाशी जाऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी दंतवैद्यांना आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन किंवा निफेडिपिन घेत असाल तर तेही सांगा, कारण या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढतात. सगळी सफाई झाल्यावर हिरडी आक्रसेल, दात लांब दिसतील, थंड लागलं की शिणशिणतील. ते सूज उतरल्याचं चिन्ह आहे, काही बिघडलेलं नाही. दात हलण्यातला जो भाग सुजेमुळे आहे तो कमी होतो, जो हाड गेल्यामुळे आहे तो राहतो. म्हणून ते दोन दात काढायचे की ठेवायचे, हे आजच ठरवू नका.

साधारण तीन महिन्यांनी पुन्हा प्रोबने तपासणी करून घ्या आणि दोन गोष्टी विचारा: चार मिलिमीटरपेक्षा खोल पॉकेट किती उरली, आणि त्यातल्या कितींतून रक्त येतं. सिगारेट सोडलेली असताना ज्या जागेतून तपासण्यांमागून तपासण्या रक्त येत नाही, ती जागा स्थिर आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ओढत असतानाच्या न येणाऱ्या रक्ताला तो अर्थ नव्हता.

तोवर घरी मऊ ब्रशने दोनदा आणि दातांच्या फटींसाठीच्या छोट्या ब्रशने रोज एकदा साफ करा. रक्त येतं म्हणून ती जागा सोडू नका, तिथेच जास्त गरज आहे. क्लोरहेक्सिडिनची गुळणी दिली असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतीच वापरा, महिनोन्‌महिने नको. जिभेवरचे काही जिवाणू अन्नातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी लोकांनी आठवडाभर ही गुळणी केल्यावर त्यांचा वरचा रक्तदाब 2 ते 3.5 अंकांनी वाढलेला आढळला. ज्या अस्तरासाठी आपण एवढं करतोय, त्याच्याकडे येणारा हा पुरवठा गरज नसताना बंद करू नये.